परसातलं तळं : आधी लेकरू, मग पाणी, मग कमळ

माण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मळ्यात शेततळं झालं, त्याच्या प्लॅस्टिकच्या कागदाचा चांगला ऐसपैस तुकडा उरला आहे. घरामागं परसात जागा आहे. थोरल्या लेकीनं हट्ट धरला आहे की आपल्याकडं कमळ लावायचं, मासे सोडायचे. ताईंच्याही मनात आहे. पण सासूबाईंनी साफ सांगितलं, दारात पाण्याचा खड्डा नको. धाकटा अजून अडीच वर्षांचा आहे. ताई विचारतात, तळं कसं करायचं ते सांगा, आणि सासूबाईंना काय सांगायचं तेही सांगा.

ताई, सासूबाईंना काही सांगू नका. त्यांचंच ऐका. तुम्हाला वाटेल, ही बाई म्हाताऱ्यांचीच बाजू घेते. घेते, पण निम्मी. तळं करायचंच नाही असं मी म्हणत नाही. पण घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर जमिनीत खणलेलं उघडं तळं आणखी दोन-तीन वर्षं लांबवा. वीतभर पाण्यातसुद्धा लहान मूल बुडतं. डोकं जड असतं, वाकून पाहताना तोल जातो, आणि एकदा तोंड पाण्यात गेलं की त्याला उठता येत नाही. आपल्याला वाटतं पोर पडलं तर ओरडेल, पाणी उडवेल. तसं होत नाही. बुडणारं मूल गप्प बुडतं, आणि तेही आपण चुलीवरची भाकरी उलटून येईपर्यंतच्या वेळात.

तोवर लेकीचा हट्ट पुरवायला नांद आहे. गोठ्यातली जुनी सिमेंटची नांद, दगडी डोण किंवा अर्धा कापलेला दोनशे लिटरचा पिंप घ्या. पिंप घ्याल तर तो औषधाचा नसावा. कीटकनाशकाचा पिंप कितीही धुतला तरी माशांना चालत नाही, आणि माणसालाही चालत नाही. नांदीवर वेल्डमेशची जाळी बसवा, चार कडांना तारेनं घट्ट आवळा. जाळीची भोकं दोन इंचांची घेतली तर कुमुदिनीची पानं त्यातून वर येतात, फूलही येतं, आणि पोराचं डोकं आत जात नाही. जाळी मात्र अशी असावी की पोर वर चढून बसलं तरी खाली दबणार नाही. एवढ्यात एक कुमुदिनी आणि दहा गप्पी मासे सुखानं राहतात. लेकीला तळ्याचं सगळं शास्त्र या नांदीतच कळेल.

आता ज्यांच्या घरी पोरं मोठी आहेत आणि परसात जागा आहे, त्यांच्यासाठी पुढचं सगळं सांगते. ताईंनीही कात्रण जपून ठेवावं.

पहिला हिशेब पाण्याचा. खड्डा किती मोठा करायचा हे जागा पाहून ठरवू नका, पाणी पाहून ठरवा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि मधोमध दोन फूट खोल असं तळं घ्या. काठाला उतार आणि पायऱ्या धरून त्यात सुमारे दोन हजार लिटर पाणी मावतं. भरायचं ते एकदाच, त्याचं ओझं नाही. ओझं आहे ते उडून जाणाऱ्या पाण्याचं. आपल्याकडच्या कोरड्या भागात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण एक सेंटिमीटर खाली जाते. एवढ्या तळ्यात एक सेंटिमीटर म्हणजे पंचावन्न लिटर, म्हणजे तीन-चार हंडे. रोजचे. हे हंडे कोण आणणार? घरात चर्चा होते तेव्हा कमळाची होते, माशांची होते, हंड्यांची होत नाही. आणि वैशाखात ते हंडे बाईच्याच डोक्यावर येतात. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकरचं पाणी लागतं तिथं दहा बाय सहाचं तळं करू नये. तिथं पाच बाय चारचं करा. पश्चिमेला दोडक्याचा किंवा कारल्याचा मांडव घालून दुपारचं ऊन अडवा, आणि वर पाणी घालायचं ते तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, मुलांच्या बाटल्यांत उरलेलं. साबणाचं आणि भांडी घासल्याचं पाणी तळ्यात नको. ते केळीला घाला.

भरण्यासाठी पाऊस आहे. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. वीस फूट बाय तीस फुटांचं पत्र्याचं छप्पर असेल तर इंचभर पावसात चौदाशे लिटर खाली येतं. म्हणजे दोन चांगल्या सरींत तळं भरून वाहू लागेल. पन्हळ लावून पाणी तळ्याकडं वळवा. मात्र पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडा, त्यात वर्षाची धूळ आणि पाखरांची घाण असते. पागोळ्यांचं पाणी गेली कित्येक वर्षं आपण अंगणात चिखल करायला वापरतो, त्याचा हा बरा उपयोग आहे.

म्हणूनच खोदकाम होळीनंतर हाती घ्यावं आणि रोहिणी संपायच्या आत, म्हणजे मृगाच्या आधी, कागद अंथरून तयार राहावं. भर पावसाळ्यात खोदायला घ्याल तर कडा ढासळतील.

जागा कोणती? स्वयंपाकघराच्या दारातून किंवा खिडकीतून सरळ नजर पडेल अशी. हे पहिलं. दुसरं, दिवसातून चार-पाच तास ऊन हवं, नाहीतर कुमुदिनी नुसती पानं काढते, फुलत नाही. सकाळचं ऊन सर्वांत चांगलं. चिंच, कडुनिंब, शेवगा यांच्याखाली तळं करू नका. त्यांची बारीक पानं गाळून काढता काढता हात दुखतील, आणि ती कुजली की पाणी काळं पडतं, वास मारतं. शिवाय मुळ्या कागदाला खालून ढोसतात. घराच्या पायापासून सात-आठ फूट लांब राहा. पिण्याच्या पाण्याची विहीर, बोअर, संडासाचा शोषखड्डा यांच्या जवळ नको. आणि गावातलं वाहतं पाणी पावसाळ्यात जिथून घुसतं अशा सखल कोपऱ्यातही नको. लोकांना वाटतं तळं सखल जागी असावं. ओढ्या-नाल्याचं तळं तसं असतं. परसातलं तळं किंचित उंचावर हवं, नाहीतर उकिरड्याचं आणि गोठ्याचं पाणी धुपून त्यात येतं आणि दुसऱ्या दिवशी मासे पोटं वर करून तरंगतात.

जागा ठरली की खुंट्या ठोका, दोरी लावा. कोपरे काटकोनी ठेवू नका, गोलसर ठेवा, कागद तिथं चुणत नाही. मग पाणसळ बघा. गवंड्याकडं पाण्याची पारदर्शक नळी असते, ती तासाभरासाठी मागून आणा. चारी काठ एका पातळीत हवेत. नुसत्या डोळ्यानं केलेला काठ भरल्यावर फसवतो. एका बाजूला पाणी सांडतं आणि दुसऱ्या बाजूला वीतभर कागद उघडा राहतो. कागद पसरल्यावर हे दुरुस्त करणं फार जिकिरीचं असतं.

खोदताना सगळी बाजू सरळ खाली नेऊ नका. या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, म्हणून जरा थांबून सांगते. तीन बाजूंना पाऊण फूट खाली गेल्यावर एक फूट रुंदीची पायरी सोडा. तिच्यावर कुंड्या बसतील आणि माणूस घसरला तर पाय टेकायला जागा राहील. चौथ्या, म्हणजे एका अरुंद बाजूला पायरी नको, तिथं लांब उतार करा. काठापासून पाच फूट आत जाता जाता दोन फूट खोली गाठायची. कागद घातल्यावर या उतारावर गुळगुळीत गोटे आणि जाडी वाळू पसरा. कोंबडीचं पिल्लू, खारूताई, सरडा, मांजर, आणि देव न करो पण एखादं पोर पाण्यात गेलं तर बाहेर यायला ही वाट आहे. उतार नसलेलं तळं म्हणजे सापळा.

पूर्व विदर्भात भंडारा-गोंदियाकडं गेलात तर जुने मालगुजारी तलाव आणि धानाच्या बांध्यांजवळच्या लहान बोड्या पाहा. गोंड राजांच्या काळापासून तिथल्या कोहळी समाजानं हे तलाव बांधत आणले. एका बाजूला मातीची पाळ, आणि उरलेल्या बाजूंनी जमिनीच्या उतारानंच पाणी उथळ होत गेलेलं. गुरं आपली चालत उतरतात, पाणी पितात, चालत वर येतात. प्लॅस्टिकच्या शेततळ्यात हेच नाही. त्याच्याकडं शेवटी येते.

माती निघेल ती दीड-दोनशे घमेली. वरची फूटभर काळी माती वेगळी ठेवा, ती वाफ्यांत जाईल. खालचा मुरूम अंगणात किंवा गोठ्याच्या वाटेवर. दोन माणसांचं हे दोन दिवसांचं काम आहे, जमीन कडक असेल तर तीन.

आता तळाला पाणी कसं धरायचं? जुनी रीत चिकणमातीची. माती भिजवून, तुडवून, चार-पाच इंचांचा थर चोपून बसवायचा. गावतळ्यासाठी ती उत्तम आहे. पण परसातल्या लहान तळ्याला काळी माती दगा देते. पाणी कमी झालं की काठाला भेगा पडतात आणि पुढचं पाणी त्या भेगांतून जातं. कोकणात जांभ्याच्या जमिनीत तर पाणी थांबतच नाही. सिमेंटचं करायचं तर आत कोंबडीजाळी घालून गिलावा करावा लागतो, खर्च वाढतो. त्याला आठ-दहा दिवस पाणी मारून पिकवायचं, मग भरून, चार-पाच दिवसांनी रिकामं करून, पुन्हा भरून, असं दोन-तीन वेळा करायचं. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि माशांचे कल्ले जाळतो. घाई करणाऱ्यांचे मासे यातच जातात.

सोपं काम कागदाचं. पण कोणता कागद? मल्चिंगचा कागद पंचवीस-तीस मायक्रॉनचा असतो, तो इथं एक महिना टिकणार नाही. शेततळ्याचा पाचशे मायक्रॉनचा कागद लागतो. ताडपत्रीही नको, ती उन्हानं दोन वर्षांत भुगा होते. माप काढायची रीत अशी : लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही काठांवर दीड-दीड फूट. आपल्या तळ्यासाठी दहा अधिक चार अधिक तीन, म्हणजे सतरा फूट. रुंदीला सहा अधिक चार अधिक तीन, म्हणजे तेरा फूट. कागद एकसंध घ्या. दोन तुकडे डिंकानं, टेपनं जोडण्याच्या फंदात पडू नका. या कागदाला चिकटद्रव्य धरत नाही, तो यंत्रानं तापवूनच जोडावा लागतो. तुकडा लहान असेल तर तळं लहान करा.

खड्ड्यातले खडे, काचा, मुळ्यांची टोकं हातानं चाचपून काढा. हात फिरवायचा तो पोरांना लावा, त्यांचं बोट बारीक खडाही शोधतं. मग दोन इंच चाळलेली माती किंवा वाळू, तिच्यावर रिकामी गोणपाटं नाहीतर जुनी फाटकी चादर. वर कागद, दुपारच्या उन्हात पसरलेला, म्हणजे मऊ पडतो. अनवाणी उतरा. जोडवी, पैंजण काढून ठेवा, हसू नका, त्यानंच कागद फाटतो. चुण्या एका बाजूला घड्या घालून बसवा आणि पाणी हळूहळू सोडा. पाणी चढेल तसा कागद स्वतःच जागेवर बसतो. तो आधीच ताणून, काठाला दगड ठेवून आवळला तर पाण्याच्या वजनानं कोपऱ्यात फाटतो. म्हणून काठ बुजवायचा तो तळं भरल्यावर. काठापासून फूटभर अंतरावर वीतभर खोल चर काढा, कागदाचं टोक त्यात दाबा, मातीनं बुजवा, वर फरशीचे तुकडे किंवा दगड मांडा. उन्हात कागद जितका कमी दिसेल तितका तो जास्त वर्षं टिकेल.

एका बाजूला, पाणी जिथून जास्तीचं बाहेर जाईल तिथं, काठ अंगठाभर खाली ठेवा आणि तिथं बारीक जाळी लावा. बाहेर पडलेलं पाणी जिथं मुरेल तिथं वडीचं काळ्या देठाचं अळू, चार केळी, कर्दळ. पावसाळ्यात अळू असं माजेल की शेजारणी मागायला येतील.

आता झाडं. कुमुदिनी आणि कमळ एक नव्हे, हे रोपं विकणारेही कधी सांगत नाहीत. कुमुदिनीचं पान चिरलेलं असतं आणि पाण्यावर टेकलेलं असतं. कमळाचं पान अखंड गोल, आणि पाण्याच्या वर उचललेलं. कमळाला जागा लागते, त्याचे कंद धावत सुटतात, दहा बाय सहाचं तळं तो दोन वर्षांत एकटाच व्यापतो. लेकीला कमळच हवं असेल तर ते पसरट टबात कोंडून लावा. कुमुदिनी मात्र सोशीक. रुंद तोंडाच्या कुंडीत काळी माती भरा, कंद लावा, वर दोन इंच वाळू आणि खडी टाका, म्हणजे माती उठत नाही. ताजं शेण, युरिया यांतलं काही घालू नका. झाडाच्या आधी शेवाळच ते खाऊन टाकतं. कुंडी आधी पायरीवर ठेवा, पानं वर आली की तळाला उतरवा. पायरीवर वेखंड लावा, काठाच्या ओल्या मातीत ब्राह्मी पसरू द्या. दोन्ही घरात लागणाऱ्या वनस्पती. शिंगाडा लावू का, असं पुष्कळजण विचारतात. भंडारा-गोंदियाकडं ढिवर मंडळी तलावांत त्याचं पीक घेतात, पण त्याला मोठं पाणी लागतं. परसात मूठभर शिंगाडे मिळतील आणि काटे पायात जातील.

आणि जलपर्णी? तिची जांभळी फुलं पाहून कुणी ओढ्यातून उपटून आणते. आणू नका. ही दक्षिण अमेरिकेतली बया. पवना, इंद्रायणी, पंचगंगा या नद्यांवर तिचे हिरवे गालिचे पसरतात आणि ते काढायला यंत्रं लावावी लागतात. तुमच्या तळ्याची ती महिन्याभरात गोधडी करेल.

तळं भरल्यावर आठ-पंधरा दिवसांत पाणी हिरवं होईल. घाबरू नका आणि उपसू नका. नव्या पाण्यात खतांश असतो, ऊन असतं, शेवाळाला आणखी काय हवं? पानं पसरून निम्मं-अधिक पाणी झाकलं गेलं की ते आपोआप निवळतं. दर वेळी उपसून नवं पाणी भरणाऱ्याचं तळं वर्षभर हिरवंच राहतं, कारण तो दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो.

डासांबद्दल सासूबाई, जावई, सरपंच सगळेच विचारतील. विचारावंच. साचलेल्या पाण्यात उबदार दिवसांत डासाचं अंडं ते उडणारा डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो. म्हणून तर आरोग्य खातं आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतं. भांडी, रांजण रिकामे करता येतात, तळं नाही. म्हणून तळं भरल्याच्या आठवड्यातच गप्पी मासे आत हवेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्राच्या आरोग्यसेवकाकडं विचारा, पुष्कळ ठिकाणी ते पाळलेले असतात आणि देतात. पंधरा-वीस पुरे. हा मासा अंडी घालत नाही, पिल्लंच देतो, दोन महिन्यांत शंभर होतील. त्याला भाताची शितं, चपातीचा चुरा घालू नका. पोट भरलेला मासा डासाच्या अळ्या कशाला खाईल? ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी भरलं असेल तर त्यात टीसीएल असतं. दोन दिवस उन्हात उघडं राहू द्या, मगच मासे. आणताना पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तशीच तरंगत ठेवा, दोन्हीकडचं पाणी सारखं गार झालं की सोडा. एक सांगते, गप्पी हाही परदेशी मासा आहे. तो ओढ्यात, नदीत सोडू नका, आपले देशी लहान मासे तो हटवतो. ती बारीक जाळी त्यासाठीच. जोडीला चतुर येतील, बेडूक येतील. दोघांची पिल्लं आणि थोरं मिळून डास-किड्यांचा चांगलाच फडशा पाडतात. रोहू, कटला यात वाढणार नाहीत, आणि बंदी असलेला मांगूर कुणी आणून दिला तरी घेऊ नका. बदकं दोन सोडली तरी चार दिवसांत तळ्याचा चिखल होतो. म्हैस तर विचारूच नका, तिला तळं दिसलं की ती आपलंच समजते. म्हणून कुंपण पाहिजे.

साप येतील का? बेडूक आले की दिवड येऊ शकते. ती बिनविषारी आहे, हुसकली की निघून जाते. विषारी साप पाण्यापेक्षा अडगळीला येतो. तळ्याच्या आसपास जळणाचा ढीग, विटा, कडब्याच्या पेंढ्या ठेवू नका, गवत कापत राहा, आणि रात्री बॅटरीशिवाय तिकडं जाऊ नका.

शेतकऱ्याच्या घरातल्या तळ्याला एक वेगळाच धोका असतो, तो फवारणीच्या पंपाचा. कापसावर, टोमॅटोवर फवारून आलेला माणूस पंप कुठं खळबळतो? जिथं पाणी दिसेल तिथं. आताची पुष्कळ कीटकनाशकं माशांना फार जहाल आहेत, पंपाच्या तळाशी उरलेला घोटभर द्रावही सगळं तळं मारतो. घरातल्या पुरुषमाणसांना आणि गड्यांना हे पहिल्या दिवशीच बजावून ठेवा.

पाणी भराभर उतरतंय असं वाटलं तर आधी बादलीची परीक्षा करा. तळ्याशेजारी उन्हात बादली भरून ठेवा, दोन्हीकडं खूण करा. दोन दिवसांनी दोन्ही सारखी उतरली तर पाणी उन्हानं नेलं. तळं जास्त उतरलं तर कागदाला भोक आहे. मग पाणी ज्या पातळीला येऊन थांबतं तिथंच काठाभोवती भोक शोधा.

वर्षातून एकदा, होळीच्या सुमाराला, तळाचा गाळ काढायचा. सगळं पाणी एकदम काढू नका, निम्मं बादल्यांनी वांगी-मिरचीला घाला, मासे उरलेल्या पाण्यात राहतील. गाळ घमेल्यानं काढून वाफ्यात पसरा. कुदळ-फावडं आत नेऊ नका. परसातल्या भाजीला असं खत विकत मिळत नाही.

आता ताईंच्या मळ्यातलं शेततळं. परसातल्या तळ्यापेक्षा मला त्याची धास्ती जास्त वाटते. २०१६ मध्ये राज्यात मागेल त्याला शेततळं ही योजना आली, त्याआधीही तळी होत होती, आणि आज शिवारात जिकडं तिकडं काळे-निळे कागद चमकतात. दुष्काळी भागात त्यांनी फळबागा वाचवल्या, हे खरं. पण दहा-दहा फूट खोल, चारी बाजू तिरक्या आणि गुळगुळीत. ओल्या कागदावर शेवाळ चढलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. हात टेकायला काही नसतं. पोहायला उतरलेली मुलं, पाणी प्यायला गेलेलं वासरू आणि त्याला काढायला गेलेला बाप, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. ताई, कागद उरला आहे तर त्याआधी शंभर-दीडशे फूट जाड दोर आणा. फूट-फूट अंतरावर गाठी मारा. चारी बाजूंना मजबूत लोखंडी खुंट्या ठोकून गाठींचा दोर थेट तळापर्यंत सोडा. एका दोराला फुगवलेली जुनी ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधून पाण्यावर तरंगत ठेवा. काठाभोवती माणूसभर उंचीचं तारेचं कुंपण आणि कुलपाचं फाटक हवं. किल्ली खुंटीला नको, मोठ्या माणसाच्या खिशात.

कुणी बुडत असेल तर पोहता येणाऱ्यानंही कागदावरून उडी घेऊ नये. आधी दोर, काठी, साडी, जे हाताला लागेल ते फेकावं. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोटावर दाबून पाणी काढणं, चाकावर फिरवणं यात वेळ जातो आणि जीव जातो. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडानं श्वास द्यायचा, छातीच्या मधोमध जोरानं आणि भराभर दाबत राहायचं, आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. श्वास सुरू झाला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण छातीत गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं. हे करायची रीत प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, दाखवतील. बचतगटाच्या पुढच्या बैठकीला आरोग्यसेविकेला बोलावून सगळ्यांनी एकदा उशीवर करून पाहावं.

लेकीच्या नांदीला कुमुदिनीचा कंद हवा असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी शोधा. एका जुन्या कंदाचे तीन-चार तुकडे होतात, ज्यांच्याकडं आहे ते सहसा नाही म्हणत नाहीत. तुकड्याला एक तरी डोळा असल्याची खात्री करून घ्या, आणि घरी पोहोचेपर्यंत तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.